उंबरठा, पाणवठा आणि कचेरी

चार्ल्स कोरिया यांचें ‘द न्यू लँडस्केप’ हें छोटेखानी पुस्तक १९८५ सालीं प्रसिद्ध झालें. नगररचनेवरील पुस्तकाची चर्चा वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील; परंतु सीबीडी बेलापूर येथें ज्यांचें बिऱ्हाड आहे त्यांस त्यांत आपल्याच संसाराची हकीकत दिसेल. मार्च २०२० मध्यें कचेरी घरांत शिरली आणि ती अद्याप पुरती बाहेर पडलेली नाहीं. तेव्हां हें पुस्तक पुन्हां उघडणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनीं १९६५ सालीं ‘मार्ग’ या नियतकालिकांत खाडीपलीकडील नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० सालीं सिडको स्थापन झाली. कचेरी जिकडे जाईल तिकडे माणूस जाईल, हें त्या कल्पनेच्या मुळाशीं असलेलें गृहीत. तें चुकीचें होतें असें नाहीं, पण त्याची परीक्षाच नीट झाली नाहीं. मंत्रालय खाडी ओलांडून आलें नाहीं. नरिमन पॉइंटला समुद्र हटवून मनोरे मात्र उठले. बेलापुरास कोकण भवन, सिडको भवन, कोकण रेल्वेचें मुख्यालय इतकें मिळालें. माणसें राहावयास आलीं, आणि त्यांतील कित्येक सकाळच्या लोकलनें मुंबईस जाऊं लागलीं.

पुस्तकांतील सर्वांत मोलाचा भाग चार पायऱ्यांचा. माणसास नुसती खोली पुरत नाहीं, असें कोरिया म्हणतात. पहिली जागा कुटुंबाची खाजगी, दुसरी उंबरठ्याची, जेथें मुलें खेळतात व शेजारीण दोन शब्द बोलते, तिसरी पाणवठ्याची, चौथी साऱ्या गांवाच्या मैदानाची. एक जागा आंखडली तर दुसरीनें तिची उणीव भरून काढावी लागते. हा विचार इतका सरळ आहे कीं, तो आधीं कोणास कां सुचला नाहीं याचें नवल वाटावें.

परंतु या चौकडींत कचेरी कोठेंच नाहीं. पुस्तकांत ती येते ती इकडून तिकडे हलविण्याची वस्तु म्हणून. येथेंच आमचा मतभेद आहे. सदनिकांच्या इमारतींनीं उंबरठा व पाणवठा दोन्ही गिळले, तेव्हां मध्यमवर्गीयांनीं, विशेषतः नोकरी करणाऱ्या स्त्रियांनीं, ते कोठें शोधले? लोकलच्या डब्यांत आणि कचेरींतील डब्याच्या सुटींत. सासूची तक्रार, मुलाच्या परीक्षेची काळजी, बदलीची भीति हें सारें तेथेंच बोललें जाई. घरून काम सुरू झालें आणि प्रवासाचे दोन-अडीच तास वांचले, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच दिवशीं दुसरी व तिसरी पायरी गेली आणि पहिलीवर सारा भार आला. मुलगा बैठकींत साहेबाशीं बोलतो म्हणून आजोबांनीं रेडिओ लावावयाचा नाहीं; सून ओट्यावर लॅपटॉप ठेवून एका डोळ्यानें दूध पाहते. कचेऱ्या बंद करा असें सांगणाऱ्यांस बहुधा दार लावून घेण्याजोगी स्वतंत्र खोली असते. (आम्हां प्राध्यापकांसहि ती असते, हें कबूल केलें पाहिजे.)

मौज अशी कीं, याचें उत्तर कोरियांनींच बेलापुरांत बांधून ठेवलें होतें. तेथील कलाकारग्रामांत सात-सात घरें आठ मीटरच्या चौकाभोंवतीं आहेत, आणि असे तीन गट मिळून बारा मीटरचा मोठा चौक होतो. प्रत्येक कुटुंबास स्वतःची जागा व उघडें अंगण. ऐपतीप्रमाणें घर वाढवावें. काम घेऊन अंगणांत बसलें तरी माणूस माणसांत राहतो. पुढें अनेकांनीं मूळ घरें पाडून मजले चढविले, तरी चौक टिकले आहेत. कचेरीचें भवितव्य मालकाच्या जमाखर्चांत शोधणाऱ्यांनीं एकदां तेथें जाऊन यावें.

कोरिया २०१५ सालीं निवर्तले. ते आज पुस्तकाची नवी आवृत्ति काढते, तर कचेरीस कोणत्या पायरीवर बसवते, हें जाणण्याचें आम्हांस मोठें कुतूहल आहे. उंबरठा व पाणवठा यांच्या दरम्यान, असा आमचा तर्क.