ज्ञात निकालाचा आस्वाद : जुन्या सामन्याच्या पुनर्दर्शनाविषयी काही विचार

सामन्याचा प्राण अनिश्चिततेत असतो, असे सामान्यतः मानले जाते. निकाल कळला की कुतूहल संपते आणि कुतूहलाबरोबर रसही संपतो, हा त्या मताचा निष्कर्ष होय. परंतु आवडत्या संघाचे जुने सामने वर्षानुवर्षे पाहणारा प्रेक्षक या निष्कर्षास बाध आणतो. १४ जून १९९८ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे शिकागो बुल्स आणि यूटा जॅझ या बास्केटबॉल संघांत झालेला अंतिम मालिकेतील सहावा सामना या दृष्टीने विचारार्ह आहे.

अखेरची सुमारे ४२ सेकंद उरली असता यूटा ८६–८३ असा पुढे होता. मायकेल जॉर्डनने प्रथम दोन गुण मिळविले, मग कार्ल मलोनच्या हातून चेंडू हिसकावून घेतला आणि ५.२ सेकंद शिल्लक असताना निर्णायक फेक केली. शिकागोने ८७–८६ असा विजय मिळविला. हा क्रम पाठ असणाऱ्या प्रेक्षकाचे लक्ष काय होणार याकडून ते कसे घडते याकडे वळते. कीर्तनातील आख्यानाचा शेवट श्रोत्यास आधीच ठाऊक असतो, म्हणून आख्यान निःसत्त्व होत नाही. पुनर्दर्शनात कुतूहलाची जागा प्रतीक्षा घेते.

तथापि केवळ प्रतीक्षेने या आस्वादाची पूर्ण उपपत्ती लागत नाही. प्रेक्षकास पुढचेही ठाऊक असते. संघ विखुरणार याची चाहूल त्या हंगामातच लागली होती. पुढे प्रशिक्षक फिल जॅक्सन गेले, जानेवारी १९९९ मध्ये जॉर्डनने निवृत्ती जाहीर केली, स्कॉटी पिपेन ह्यूस्टनकडे गेला आणि त्या आखूड हंगामातील ५० सामन्यांपैकी शिकागोने अवघे १३ जिंकले. हे ज्ञान विजयाच्या दृश्यावर करुणाची छाया पाडते. न. चिं. केळकरांनी साहित्यानंदाची मीमांसा ‘सविकल्प समाधी’ या कल्पनेने केली. वाचक स्वतःचे भान न सोडता परक्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, असा तिचा आशय आहे. येथे तादात्म्याचा विषय केवळ खेळाडू नसतो. १९९८ साली श्वास रोखून बसलेला पूर्वीचा आपणच आता परका झालेला असतो, आणि त्याच्याशी क्षणभर एकरूप होण्याची ही धडपड असते.

येथेच धोका संभवतो. १६८८ साली योहानेस होफर याने बाझेल येथील वैद्यकीय प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द गृहविरहाच्या व्याधीसाठी घडविला. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मधील ग्रंथात या भावनेचे दोन प्रकार मानले : हरवलेले जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारी आणि हरवलेपणाचेच चिंतन करणारी. निवडक क्षणांच्या चित्रफिती पहिल्या प्रकारास पोसतात. २०२० च्या ‘द लास्ट डान्स’ या दहा भागांच्या माहितीपटात जॉर्डनला मिळालेल्या केंद्रस्थानाबद्दल पिपेनने २०२१ मधील आत्मकथनात नाराजी नोंदविली, ती या संदर्भात लक्षणीय आहे.

संपूर्ण सामन्याचे चित्रण मात्र अशा निवडीस विरोध करते. त्यात ४५ गुण मिळविणाऱ्या जॉर्डनच्या ३५ फेकींपैकी २० चुकलेल्या दिसतात. पाठीच्या दुखण्याने वाकलेला पिपेन दिसतो. यूटाच्या हॉवर्ड आयस्लीची वेळेत सुटलेली तीन गुणांची फेक पंचांनी नाकारली आणि शिकागोच्या रॉन हार्परची उशिरा सुटलेली फेक मान्य केली, हेही दिसते. चित्रण पाहून निर्णय तपासण्याची सोय त्या स्पर्धेत २००२ पासून आली. निर्णायक फेकीपूर्वी जॉर्डनचा हात ब्रायन रसेलच्या कमरेवर होता. तो ढकलणारा होता काय, हा वाद कितीही वेळा पाहून मिटलेला नाही.

एका गुणाने जिंकलेल्या सामन्यात या गोष्टी गौण नव्हेत. त्या पाहून ज्याची प्रीती ओसरते, त्याचे प्रेम आपल्याच स्मृतीवर होते असे म्हणावे लागेल. ज्याची टिकते, त्याला चुका, दैव आणि थकवा यांसह तो संघ प्रथमच यथार्थपणे भेटतो. स्मरणव्याकुळता सत्याची शत्रू ठरावी की त्याच्याकडे नेणारी वाट, हे प्रेक्षक निवडक क्षण पाहतो की अखंड सामना, यावर पुष्कळसे अवलंबून आहे.