तिरुवैयारूची आराधना : ऐकायची की गायची?



मागे एका वर्षी आपल्या गणेशोत्सवात माझ्या लेकीनं त्यागराजांची एक कृती म्हटली होती. गेली काही वर्षं ती आमच्या गावातल्या एका तमिळ मामींकडे कर्नाटक संगीत शिकते आहे. टाळ्या पडल्या, प्रसाद झाला आणि मसालेभाताच्या रांगेत एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला गाठलं. "छान म्हटलं हो पोरीनं. पण आपलं काही शिकवत नाही का?" मी उत्तर शोधेपर्यंत मागून दुसरे काका मदतीला धावले. "अहो, त्यागराज आपलेच की! तंजावरच्या मराठी राजांच्या दरबारातले!"

पहिला प्रश्न मला टोचला आणि दुसऱ्या उत्तरानं मला गप्प केलं. ते उत्तर बरोबर नव्हतं, पण ते चुकीचं आहे हे सांगण्याइतकं मलाही काही ठाऊक नव्हतं. पुण्यात आमच्या घरी भीमसेनजी आणि नाट्यसंगीत यांच्या पलीकडे सगळं 'मद्रासी गाणं'. एम.एस.ला आलो तेव्हा दोन तेलुगू रूममेट्सबरोबर राहिलो, पण त्यांच्याकडून मी शिकलो ते फक्त पप्पू आणि रसम.

म्हणून 2019 च्या जानेवारीत भारतवारी ठरली तेव्हा बायको-लेकीसह तिरुवैयारूला गेलो. पौष वद्य पंचमी, त्यागराजांची पुण्यतिथी. तिथली आराधना कशी वाटली, हे एका अर्धवट जाणकार श्रोत्याच्या नजरेतून लिहितो आहे. जाणकारांनी चुका पदरात घ्याव्यात.

तंजावरहून तिरुवैयारू जेमतेम 13 किलोमीटर. पण एवढ्या रस्त्यात टॅक्सी एकामागून एक पूल ओलांडते : वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. 'तिरु-ऐ-आरू' म्हणजे पवित्र पाच नद्या, हे नाव तिथे पोचेपर्यंत आपोआप समजतं. गावाचं मुख्य दैवत ऐयारप्पर, म्हणजे पंचनदीश्वर शिव. संबंदर, अप्पर, सुंदरर या शैव संतांनी या देवाची पदं रचली. अप्परांना कैलासाचं दर्शन इथेच घडलं, अशी श्रद्धा आहे. राजराज चोळाच्या राणीनं बांधवलेलं उत्तर कैलास मंदिरही याच आवारात आहे. थोडक्यात, त्यागराज या गावी येण्याच्या हजार वर्षं आधीपासून इथे देवाला गाणं ऐकवलं जात होतं. प्राकारात एक जागा अशी आहे की तिथून हाक दिली तर ती सात वेळा परत येते म्हणतात. लेकीनं हाक दिली, मोजलं आणि गर्दीमुळे चारवरच समाधान मानलं.

आता आराधनेबद्दल. कावेरीच्या काठी त्यागराजांची समाधी आहे. तिच्यासमोर मांडवात जमिनीवर एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्रिया, समोरासमोर रांगा करून बसतात. नामवंत गायक पुढे, मागे शिष्य, त्यामागे आपल्यासारखे. समाधीवर अभिषेक चालू असतो आणि सगळे मिळून पाच 'घनराग पंचरत्न' कृती म्हणतात : नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री, पाचही आदितालात. तासाभरात सगळं आटोपतं. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर प्रक्षेपण असतं.

श्रोता म्हणून सांगायचं तर माझी निराशा झाली. पहिली कृती संस्कृतात, रामाच्या विशेषणांची माळ. नाट रागाचा थाट मोठा, त्यामुळे शेकडो आवाजांत ती शोभून दिसली. पण दुसऱ्या कृतीपासून मला अडचण जाणवू लागली. गौळ रागातली 'दुडुकुगल' ही कबुली आहे. एक माणूस रामासमोर उभा राहून आपल्या अपराधांची यादी वाचतो. त्या यादीत असंही आहे की सूर-लय कळत नसताना आपण स्वतःला थोर भक्तांच्या पंक्तीत बसवलं. हे खरं तर रात्री एकट्यानं, दार लावून म्हणायचं गाणं. ते हजारभर माणसं एका लयीत, माइकसमोर, कॅमेऱ्याकडे डोळा ठेवून म्हणू लागली की त्याचं पाठांतर होतं. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ ही कबुली देता देता शेजाऱ्याची शाल सारखी करत होते! रचना इतकी नाजूक आणि सादरीकरण इतकं ठोकळेबाज, हा विरोध मला शेवटपर्यंत खुपत राहिला.

तिसरी, आरभीतली 'साधिंचेने', आपल्याला लगेच जवळची वाटावी अशी. वेळ पाहून गोड बोलायचं आणि अखेर आपलंच खरं करायचं, असा कृष्णावर प्रेमाचा ठपका. नामदेव, जनाबाई, तुकोबा विठ्ठलाशी भांडतात तोच हा सूर. पण भांडणाला चढउतार लागतो, एखाद्या शब्दावर थांबावं लागतं. समूहाला थांबता येत नाही. प्रत्येक चरणात आधी स्वर आणि मग तेच सुरावर शब्द, ही रचनेतली गंमत घाईत वाहून गेली.

मला सर्वांत आवडली ती चौथी. वराळी राग गुरूनं शिष्याला समोर बसवून शिकवू नये, नात्यात वितुष्ट येतं, असा तिकडे समज आहे. त्यामुळे म्हणा किंवा ती अवघड असल्यामुळे म्हणा, 'कनकनरुचिरा' येणारे कमी. मागच्या रांगा गप्प झाल्या, आवाज विरळ झाले आणि तेव्हाच प्रथम गाणं ऐकू आलं. पाहावं तितकं तुझं रूप अधिक सुंदर दिसतं, एवढंच ती सांगते. पाचवी श्रीरागातली 'एंदरो महानुभावुलु' सगळ्यांना पाठ, म्हणून पुन्हा गजर.

एवढं टिपून मी मनात निकाल देऊन टाकला होता : मैफल म्हणून दहापैकी चार. मग शेजारी पाहिलं तर लेक गात होती. मामींनी तिला तोवर पहिलीच कृती पुरी शिकवली होती, पण ती बाकीच्याही ओठांनी पकडत होती. शेजारच्या अनोळखी आजींनी आपलं पुस्तक तिच्या मांडीवर सरकवलं होतं. लिपी तमिळ, भाषा तेलुगू, पोरीला दोन्ही येत नाहीत! आजी बोटानं ताल दाखवत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी जिथे श्रोता म्हणून बसलो होतो, तिथे श्रोत्याची जागाच नाही. तिथे फक्त गाणारे असतात आणि अजून न गाणारे असतात.

परत आल्यावर वाचलं तेव्हा आणखी एक गैरसमज गेला. हा सोहळा मला पुरातन वाटला होता. त्यागराज 1847 साली गेले. त्यानंतर समाधीकडे बराच काळ फारसं कोणी पाहत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्सव सुरू झाला तो गटबाजीसकट : 'मोठा पक्ष' आणि 'छोटा पक्ष', वेगवेगळे कार्यक्रम. (मंडळी, ओळखीचं वाटतंय ना?) समाधीवर मंदिर उभं केलं ते बंगळूर नागरत्नम्मा यांनी, 1920 च्या दशकात, मद्रासमधली आपली मिळकत विकून. त्या देवदासी परंपरेतल्या विदुषी. आणि ज्या समाधीसाठी त्यांनी सर्वस्व दिलं, तिथे स्त्रियांना गायला मनाई! त्यांनी रडगाणं गायलं नाही. 1927 मध्ये स्त्रियांचा तिसरा पक्ष काढला. 1940 च्या सुमारास तिन्ही पक्ष एक झाले आणि सगळ्यांनी मिळून पंचरत्न म्हणायची आजची रीत त्याच सुमारास पक्की झाली.

म्हणजे जे एकसुरी समूहगान मला सपाट वाटलं, ते मुळात एका भांडणावरचा तोडगा आहे. कोण आधी गाणार, कोण नंतर, कोणी गायचंच नाही, या प्रश्नांवर उत्तर काय, तर सगळे एकदम! कलेच्या दृष्टीनं तडजोड, पण माणसांच्या दृष्टीनं शहाणपण. माझ्या आक्षेपांतला एकही मी मागे घेत नाही. 'दुडुकुगल' एकट्यानंच गावी, पुढच्या रांगेचा मान कमी व्हावा, लय जरा सैल व्हावी. पण दहापैकी चार हे गुण मात्र मागे घेतो. मी पेपरच चुकीचा तपासत होतो.

आता काकांच्या त्या उत्तराकडे येतो. त्यागराज तंजावरच्या दरबारातले नव्हते. दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द 1798 ते 1832) बोलावणं धाडलं आणि त्यांनी ते नाकारलं, अशी आख्यायिका आहे. धन सुख देतं की रामाची सेवा, असं विचारणारी त्यांची 'निधि चाल सुखमा' ही कल्याणीतली कृती त्याच प्रसंगाशी जोडतात. ते गल्लीतून भजन म्हणत धान्याची भिक्षा घेऊन राहिले. तेव्हा 'आमच्या दरबारचे गायक' म्हणून मिरवणं म्हणजे त्यांनी ज्याला नकार दिला तेच त्यांच्या गळ्यात घालणं.

आपलं नातं वेगळं आहे आणि मला ते जास्त अभिमानाचं वाटतं. त्यांचे गुरू सोंटी वेंकटरमणय्या हे तंजावर दरबारचे विद्वान. ज्या कावेरीकाठच्या भजन संप्रदायात त्यांची दिव्यनाम कीर्तनं आजही म्हटली जातात, त्यात मराठी अभंगही तितक्याच आपुलकीनं गायले जातात. तमिळ हरिकथेला तंजावर कृष्ण भागवतरांनी नवं रूप दिलं ते मराठी कीर्तन पाहून. साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तिथे राहिले. नागरत्नम्मांनी 1910 साली जे 'राधिका सांत्वनमु' हे तेलुगू काव्य नव्यानं छापलं आणि ज्यावर इंग्रज सरकारनं बंदी आणली, त्याची कवयित्री मुद्दुपळनी ही तंजावरच्या प्रतापसिंह राजांच्या दरबारातली. मराठी राजाच्या पदरी एक स्त्री तेलुगूत लिहिते, तमिळ मुलखात राहणारा तेलुगू माणूस राजाला नाही म्हणतो आणि तरी सुखानं आपलं गाणं रचत राहतो. तंजावरच्या मराठ्यांनी शहाजी राजांपासून स्वतः तेलुगूत लिहिलं. घराबाहेर पडून दुसऱ्यांच्या भाषेत रुजलेले ते आपल्याआधीचे एन.आर.आय. म्हणायला हरकत नाही. 'आपलं' ही त्यांची व्याख्या आपल्यापेक्षा मोठी होती.

2023 मध्ये आम्ही क्लीव्हलंडच्या आराधनेला गेलो. 1978 पासून चालत आलेला हा उत्सव तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. कावेरीऐवजी ओहायोतलं विद्यापीठाचं सभागृह, बाहेर एप्रिलची थंडी. लेक पाचही कृती म्हणाली. मी या वेळी पुस्तक नेलं होतं, देवनागरीतलं. श्रीरागात दोन चरण म्हटले, बेसूरच. कोणाला कळलंही नाही, हाच समूहगानाचा मोठा गुण.

शेवटी कार्यक्रम समितीला एक विनंती. आपण गणपतीत उत्तम कलाकार बोलावतो, मुलं स्टेजवर दहा-दहा मिनिटं चमकतात आणि बाकीचे आपण व्हिडिओ काढतो. यंदा आरतीनंतर पंधरा मिनिटं स्टेजचे दिवे बंद ठेवू. सगळे खाली सतरंजीवर समोरासमोर बसू आणि दोन अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणू. ज्यांना येत नाही त्यांनी शेजाऱ्याच्या कागदात पाहायचं. मराठी वाचता न येणाऱ्या मुलांसाठी रोमन लिपीतल्या प्रती मी छापून आणतो. तमिळ मामींनाही बोलावलं आहे. त्यांना अभंग येतात. आपल्यापैकी किती जणांना पूर्ण येतात, ते त्या दिवशी कळेलच!