सशुल्क दूरचित्रवाणीचे नियमन : निवड आणि स्पर्धा यांतील अंतर

प्रस्तावना :

सशुल्क दूरचित्रवाणीच्या बाजारपेठेत प्रेक्षक हा ग्राहक असला, तरी त्याला सौदा करता येत नाही. प्रसारक वाहिनीची किंमत ठरवतो, वितरक ती घरापर्यंत पोहोचवतो आणि देयक मात्र प्रेक्षकाच्या हाती पडते. २००४ च्या जानेवारीत प्रसारण व केबल सेवा भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजेच ट्रायच्या कक्षेत आल्या. त्याच महिन्यात ट्रायने केबलचे दर २६ डिसेंबर २००३ रोजीच्या पातळीवर गोठवले. तेव्हापासून आजपर्यंत नियमनाचा मुख्य भर दरांवरच राहिला आहे. या नियमनाने प्रेक्षकाला निवडीचा अधिकार दिला. परंतु त्या अधिकाराला अर्थ देणारी स्पर्धा निर्माण केली काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दरनियमनाचा प्रवास :

ट्रायने मार्च २०१७ मध्ये नवी दररचना अधिसूचित केली. तिला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फेटाळले आणि फेब्रुवारी २०१९ पासून ती अमलात आली. प्रत्येक सशुल्क वाहिनीची कमाल किरकोळ किंमत जाहीर करणे, पहिल्या १०० वाहिन्यांसाठी करांव्यतिरिक्त १३० रुपयांपर्यंत नेटवर्क क्षमता शुल्क आकारणे आणि १९ रुपयांहून महाग वाहिनी कोणत्याही संचात समाविष्ट न करणे, ही तिची प्रमुख सूत्रे होत. पूर्वी केबलचालक सांगेल ती रक्कम निमूटपणे द्यावी लागे. त्या तुलनेत ही पारदर्शकता मोठी सुधारणा होती, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र संचावरील सवलतीला घातलेली १५ टक्क्यांची मर्यादा मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमान्य ठरवली होती. परिणामी १९ रुपयांची कमाल मर्यादा हीच अनेक लोकप्रिय वाहिन्यांची प्रत्यक्ष किंमत बनली. स्टार प्लस, झी टीव्ही, कलर्स व सोनी या परस्परांच्या प्रतिस्पर्धी मानल्या जाणाऱ्या हिंदी वाहिन्यांनी २०१९ मध्ये नेमकी हीच किंमत लावली. संचांवर ७० टक्क्यांपर्यंत सूट दिली जात असल्याची नोंद ट्रायनेच त्या वर्षीच्या चर्चापत्रात केली. याचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या संचातील वाहिन्यांच्या सुट्या किमतींची बेरीज ७० रुपये आणि संचाची किंमत २५ रुपये आहे असे मानू. त्यांपैकी १९ रुपयांच्या दोनच वाहिन्या हव्या असणाऱ्या प्रेक्षकाला सुट्या घेताना ३८ रुपये मोजावे लागतील. अशा स्थितीत तो संचच घेईल. निवडीचा अधिकार कागदावर शाबूत राहतो. तो वापरणे मात्र तोट्याचे ठरते.

जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने संचासाठीची मर्यादा १२ रुपयांवर आणली आणि सुट्या व संचातील किमतींचे परस्परप्रमाण ठरवण्यासाठी दोन अटी घातल्या. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये दुरुस्ती बव्हंशी ग्राह्य धरली. दोहोंपैकी एक अट मात्र रद्द केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रायने मर्यादा पुन्हा १९ रुपयांवर नेली आणि सवलतीची कमाल मर्यादा ४५ टक्के केली. जुलै २०२४ मध्ये नेटवर्क क्षमता शुल्कावरील मर्यादाही उठवण्यात आली.

बाजाररचनेचा प्रश्न :

संचपद्धतीच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते की, तिच्यामुळे अल्प प्रेक्षकवर्ग असलेल्या वाहिन्या तगून राहतात. हा युक्तिवाद निराधार नाही. परंतु त्यामागे संच विकणारे अनेक आहेत आणि प्रेक्षक एकाकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो, असे गृहीतक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. क्रिकेटचे सामने दाखवणाऱ्या वाहिनीला चित्रपटवाहिनी हा पर्याय होत नाही. वितरक बदलायचा तर बहुधा सेट-टॉप बॉक्सही बदलावा लागतो. हे बॉक्स कोणत्याही वितरकाकडे चालावेत, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती.

प्रसारकांच्या पातळीवरील केंद्रीकरण तर अधिक चिंताजनक आहे. २०२२ मध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या काळातील भारतीय हक्कांचा लिलाव झाला. दूरचित्रवाणीचे हक्क २३,५७५ कोटी रुपयांना डिस्ने स्टारकडे गेले, तर डिजिटल हक्क प्रतिस्पर्धी व्हायकॉम १८ ने मिळवले. लिलावाने हक्क विभागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या रिलायन्स-डिस्ने विलीनीकरणाने ते पुन्हा एका छत्राखाली आणले. याच उद्योगसमूहाने हॅथवे व डेन या केबल कंपन्यांवर त्यापूर्वीच नियंत्रण मिळवले होते. भारतीय स्पर्धा आयोगाने विलीनीकरणास ऑगस्ट २०२४ मध्ये सशर्त मान्यता दिली. म्हणजे वाहिनीच्या किमतीचा विचार एक संस्था करते आणि तिच्या मालकीचा विचार दुसरी. या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत प्रेक्षक उभा आहे.

वितरणाच्या पातळीवरही हेच दिसते. केबल बाजारातील मक्तेदारीला आळा घालण्यासाठी राज्य हे एकक मानून बाजारहिश्श्याच्या कसोट्या लावाव्यात, अशी शिफारस ट्रायने नोव्हेंबर २०१३ मध्ये केली होती. पुढील दशकात दरांचे आदेश मात्र वारंवार बदलत राहिले. रोगाचे निदान हाती असताना उपचार लक्षणांवरच होत राहिले, असे म्हणणे भाग आहे.

निष्कर्ष :

दरमर्यादा हा स्पर्धेचा पर्याय नव्हे. स्पर्धा नसलेल्या ठिकाणी करावयाची ती तात्पुरती व्यवस्था आहे. ती शिथिल करण्यापूर्वी तीन गोष्टी आवश्यक होत्या : बॉक्स न बदलता वितरक बदलण्याची सोय, वितरण व प्रसारण यांच्या सामाईक मालकीवर स्पष्ट निर्बंध आणि विलीनीकरणांचा विचार करताना ट्राय व स्पर्धा आयोग यांची संयुक्त तपासणी. त्यांची पूर्तता न करता शुल्कावरील मर्यादा उठवणे म्हणजे बाजारपेठ परिपक्व झाली असे गृहीत धरणे होय. दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली डीडी फ्री डिश सेवा अनेक कुटुंबांना हा बाजार सोडून जाण्याची मुभा देते. तथापि बाजारातून बाहेर पडता येणे आणि बाजारात राहून निवड करता येणे या भिन्न गोष्टी आहेत. नियमनाचे यश दुसऱ्या गोष्टीवरून मोजले गेले पाहिजे.