व्यवसायनिवड आणि मालवणचा किनारा : कल चाचणीच्या गृहीतांची चिकित्सा

माध्यमिक शालान्त परीक्षेत कोकण विभागीय मंडळाचा क्रमांक पहिला येतो, ही गोष्ट आता वृत्त म्हणूनही फारशी उरलेली नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे हे मंडळ २०१२ पासून स्वतंत्रपणे परीक्षा घेऊ लागले, आणि उत्तीर्णांच्या प्रमाणात तेव्हापासून ते राज्यात अग्रस्थानी राहिले. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, तर कोकण विभागाचा ९८.८२ टक्के. या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि, परीक्षा उत्तीर्ण होणे आणि पुढे काय करावयाचे हे विचारपूर्वक ठरविता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. किंबहुना, जेथे जवळजवळ प्रत्येकच मूल उत्तीर्ण होते, तेथे उत्तीर्णतेचा शिक्का निवडीच्या कामी काहीच साहाय्य करू शकत नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मालवण, देवगड वा वेंगुर्ले येथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर गुणपत्रिकेत नसते. हे उत्तर शोधण्यास शिक्षणव्यवस्थेने जे साधन पुढे केले, त्याची परीक्षा करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

व्यवसाय-मार्गदर्शनाची आधुनिक कल्पना अमेरिकेतील बोस्टन शहरी १९०८ साली आकारास आली. तिचा प्रवर्तक फ्रँक पार्सन्स याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुज्ञ निवडीची तीन अंगे सांगितली आहेत : स्वतःच्या आवडी, कुवत व मर्यादा यांचे ज्ञान, निरनिराळ्या व्यवसायांच्या अटी, लाभ व संधी यांचे ज्ञान, आणि या दोहोंच्या परस्परसंबंधाविषयीचा यथार्थ विचार. मुंबई सरकारने १९५० साली व्यवसाय-मार्गदर्शनाचे स्वतंत्र केंद्र काढले, तेव्हा हीच त्रिसूत्री त्याच्या मुळाशी होती. पुढे मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची सोय असावी असे सुचविले, आणि कोठारी आयोगाने (१९६४-६६) निदान दहा शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक असावा अशी माफक अपेक्षा व्यक्त केली. अपेक्षा माफक होती हे खरे. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत होती. मार्गदर्शन म्हणजे एका जाणत्या माणसाने दुसऱ्या, अजाण पण विचारक्षम माणसाशी केलेला संवाद होय, ही ती गोष्ट.

महाराष्ट्रात २०१६ साली इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या कल चाचणीने या परंपरेला निराळे वळण दिले. विद्यार्थ्याने संगणकावर, आणि पुढे भ्रमणध्वनीवर, विधानांना प्रतिसाद द्यावयाचा आणि त्यावरून त्याचा कल कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा या सात क्षेत्रांपैकी कोणत्या क्षेत्राकडे आहे हे सांगावयाचे, असे तिचे स्वरूप होते. कालांतराने तिला अभिक्षमतेची जोड मिळाली आणि २०२० साली व्यवसायांची माहिती देणारे महाकरिअर हे संकेतस्थळही निघाले. या उपक्रमाचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. त्याने मार्गदर्शनाचा विषय शहरातील निवडक शाळांच्या कुंपणाबाहेर काढला, पैसे मोजून समुपदेशकाकडे जाऊ न शकणाऱ्या मुलालाही “तुला काय आवडते?” असा प्रश्न प्रथमच अधिकृतपणे विचारला गेला, शिक्षकाच्या वैयक्तिक पूर्वग्रहापासून ते मूल काही अंशी मुक्त झाले. हे लहान काम नव्हे.

परंतु चाचणीचे मूलभूत गृहीत तपासले म्हणजे तिची मर्यादा ध्यानात येते. आवड ही मुलाच्या ठायी आधीच तयार असते, ती केवळ मोजावयाची आहे, असे हे गृहीत आहे. वस्तुतः आवड परिचयातून उत्पन्न होते. जे पाहिले नाही, ज्याचे नावही कानी आले नाही, त्याविषयी आवड वा नावड कोठून असणार? लिंडा गॉटफ्रेडसन या अभ्यासिकेने १९८१ साली मांडलेला सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. तिच्या मते मूल व्यवसायांची निवड करीत नाही, तर प्रथम ते एकेक व्यवसाय गाळीत जाते. आधी ‘हे पुरुषांचे, हे बायकांचे’ या भेदाने, नंतर ‘हे प्रतिष्ठेचे, हे हलके’ या भेदाने. आणि स्वतःच्या अंतरीच्या आवडीचा विचार सर्वांत शेवटी, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, सुरू होतो. याचा अर्थ असा की, दहावीच्या वर्गात घेतलेली चाचणी दोन गाळण्यांतून उरलेल्या अवशेषाचे मापन करते आणि त्यालाच मुलाचा कल असे नाव देते.

मालवणच्या किनाऱ्यावर या दोन्ही गाळण्या स्पष्ट दिसतात. रापणीचे उदाहरण घ्यावे. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडावयाचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाची आणि आलेली मासळी ठरलेल्या वाट्यांनी वाटून घ्यावयाची, अशी ही सामुदायिक मासेमारी आहे. तिच्यात पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, पक्ष्यांची हालचाल यांवरून थव्याचा ठाव घेणारे निरीक्षण आहे, मनुष्यबळाचे संयोजन आहे आणि हिशेबाची न्याय्य पद्धत आहे. पण शाळेच्या भाषेत या कौशल्यांना नाव नाही. म्हणून रापणकराच्या मुलाला ती कौशल्ये वाटतच नाहीत. ‘शिकला नाहीस तर जाळी ओढावी लागतील’ हे वाक्य ज्याने घरातच ऐकले, त्याने चाचणीतील कोणत्या विधानाला होकार द्यावा? सात क्षेत्रांच्या यादीत समुद्राला स्वतंत्र स्थान नव्हते, ही उणीव यादीपुरती भरून काढता येईल; मनातील यादीतून समुद्र आधीच वगळला गेलेला असतो, ही उणीव अधिक खोल आहे. मुलींच्या बाबतीत तर पहिलीच गाळणी कठोर. मासळीची विक्री व सुकवणी स्त्रियांकडे, होडी पुरुषांकडे, ही विभागणी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते.

चाचणी येण्यापूर्वी या किनाऱ्यावर मार्गदर्शनाची काहीच व्यवस्था नव्हती असे मात्र समजू नये. चाकरमानी हीच ती व्यवस्था होय. मुंबईतील गिरणगावात गावाच्या नावाने चालणारी खोली, तेथे राहणारा काका वा मामा, त्याच्या ओळखीने गिरणीत बदली कामगार म्हणून मिळणारा प्रवेश आणि महिन्याच्या महिन्याला गावी येणारी मनीऑर्डर, या साखळीने पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय ठरविला. पार्सन्सच्या परिभाषेत बोलावयाचे तर या व्यवस्थेजवळ दुसऱ्या अंगाचे, म्हणजे प्रत्यक्ष संधीचे ज्ञान भरपूर होते : जागा कोठे आहे, कोणाला भेटावे, किती मिळेल, कोठे राहावे. पहिले अंग, म्हणजे मुलाची स्वतःची आवड व कुवत, तिच्या खिजगणतीत नव्हते. शिवाय ती नात्यागोत्यांच्या व जातीच्या वाटेने चाले, आणि मुलींना तिच्यात जवळजवळ स्थानच नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर या साखळीचा मुख्य दुवाच तुटला. सवय मात्र तुटली नाही. मुंबईच्या जोडीला पुणे व गोवा आले, गिरणीच्या जागी हॉटेल, कंपनी व कार्यालय आले. पण ‘शिकणे म्हणजे गाव सोडणे’ हे समीकरण तसेच राहिले. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती, ती २०११ साली ८,४९,६५१ झाली. परीक्षेत पुढे असलेला जिल्हा माणसांच्या संख्येत घटत होता. त्याच काळात देवगडच्या आंबा बागांत राखणीला आणि किनाऱ्यावरील नौकांवर खलाशी म्हणून नेपाळपासूनची माणसे येत राहिली, हा विरोधाभास अभ्यासकाने नजरेआड करू नये.

येथे दोन व्यवस्थांची तुलना उद्बोधक ठरते. चाकरमानी व्यवस्थेला संधी ठाऊक होती, मूल ठाऊक नव्हते. कल चाचणी मुलाला प्रश्न विचारते, पण त्याच्या भोवतालच्या संधीविषयी, प्रवासखर्चाविषयी, वसतिगृहाविषयी, घरच्या कर्जाविषयी तिला काही ठाऊक नाही. तिसरे अंग, म्हणजे या दोहोंचा मेळ घालणारा विचार, दोन्हीकडे अनुपस्थित आहे. पहिल्या व्यवस्थेत तो वडीलधाऱ्यांच्या शब्दाने परस्पर उरकला जाई. दुसऱ्या व्यवस्थेत तो एका अहवालाच्या कागदावर सोपविला गेला. कोठारी आयोगाच्या फिरत्या समुपदेशकाची जागा कागदाने घेतली, हेच या उपक्रमाचे खरे वैगुण्य होय.

या टीकेतून एक सोपा, पण धोक्याचा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव आहे. तो म्हणजे, स्थानिक मुलांना स्थानिक व्यवसायांकडेच वळवावे. या मताला वरवर पाहता आधार पुष्कळ सापडतो. तारकर्लीस राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगचे शिक्षण देणारी संस्था आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया स्वतः वल्ही मारून पर्यटकांना कांदळवन दाखवितात. वेंगुर्ल्याच्याच प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या सुधारित जाती व ‘रत्ना’ हा संकरित आंबा दिला. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ही सर्व कामे मुलांनी पाहिली पाहिजेत यात संशय नाही. परंतु पाहणे निराळे आणि त्यांना बांधले जाणे निराळे. ज्या समाजात धंदा शतकानुशतके जन्माने ठरला, तेथे ‘बापाचा धंदा मुलाने चालवावा’ या उपदेशाचा अर्थ निष्पाप राहत नाही.

कोकणच्या इतिहासात या प्रश्नाचे एक मर्मभेदी उदाहरण आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून अन्नत्याग केला, कारण जातीमुळे ते काम त्यांना नाकारले जात होते. पुढे १९४८ साली कणकवलीनजीक त्यांनी गोपुरी आश्रम उभारला आणि मृत जनावरांचे चामडे सोडविण्यापासूनची कामे प्रतिष्ठेची म्हणून स्वतः केली. काम हलके नसते, हा त्या कृतीचा एक अर्थ. कोणतेही काम जन्माने कोणाच्या माथी मारता येत नाही, हा तितकाच महत्त्वाचा दुसरा. मार्गदर्शनाला हे दोन्ही अर्थ एकत्र सांभाळावे लागतात. रापणकराच्या मुलाने समुद्र निवडला तर ती अपयशाची कबुली समजली जाऊ नये, आणि त्याने रसायनशास्त्र निवडले तर तो घराशी द्रोह समजला जाऊ नये.

शिवाय, समुद्र निवडणाऱ्याला समुद्राची आजची स्थितीही सांगितली पाहिजे. पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले, ते माशांचे साठे व पारंपरिक मच्छीमारांची उपजीविका धोक्यात आल्यामुळे. हा संघर्ष, नौकेचे कर्ज, इंधनाचा खर्च, हंगामाची अनिश्चितता यांविषयी मौन बाळगून सागरी व्यवसायांचे गुणगान करणे ही मुलाची फसवणूक होईल. तशीच फसवणूक अभियांत्रिकी वा परिचर्येच्या पदवीचे गोडवे गाताना शुल्क व नोकरीची शक्यता यांविषयी गप्प राहण्यातही आहे.

मग करावयाचे काय? चाचणी टाकून देण्याचे कारण नाही. तिचे स्थान बदलले पाहिजे. ती निवडीचा निर्णय नसून संभाषणाची सुरुवात ठरावी. त्या संभाषणाच्या आधी, आठवीपासून, कामांशी प्रत्यक्ष परिचय घडला पाहिजे. दुसरी गाळणी पक्की होण्याच्या आतच गाळलेली कामे पुन्हा डोळ्यांसमोर आली पाहिजेत. याला मोठा खर्च लागतो असे नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात आणि तांडेलाला उसंत असते. याच सुमारास शाळेचे नवे वर्ष सुरू होते. तांडेल, परिचारिका, वीजतंत्री, काजूप्रक्रिया करणारी उद्योजिका, गणेशोत्सवास गावी आलेला चाकरमानी, यांना वर्गात बोलावून त्यांच्या कामाचा दिवस, शिक्षण, मिळकत व पश्चात्ताप यांविषयी मुलांनी प्रश्न विचारावेत. मासळीचा धंदा करणाऱ्या आईला शाळेत पालक म्हणून नव्हे, तर व्यवसायाची जाणकार म्हणून आमंत्रण मिळावे. त्या दिवशी तिच्या मुलीच्या मनातील प्रतिष्ठेची उतरंड थोडी तरी हलेल.

दुसरे असे की, निवड ही एकदाच व कायमची होते हे भय दूर केले पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेतून अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याच्या वाटा महाराष्ट्रात खुल्या आहेत. या वाटांची माहिती दहावीच्या निकालाआधी घरोघर पोहोचणे हे कोणत्याही कल अहवालाइतकेच मोलाचे आहे. कारण परतीची वाट ठाऊक असलेले मूल अधिक मोकळेपणाने निवड करते. आणि तिसरे, कोठारी आयोगाने मागितलेला दहा शाळांमागचा एक समुपदेशक ही मागणी आजही विचारार्ह आहे. अनेक लहान शाळा खाड्या व घाटवळणांनी विभागलेल्या या जिल्ह्यात तिची गरज इतरांहून अधिक आहे.

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांपुढे यातून संशोधनाचा एक स्पष्ट प्रश्न उभा राहतो. कल चाचणीच्या अहवालात नोंदलेला कल आणि त्या विद्यार्थ्याने पुढे पत्करलेला व्यवसाय यांत किती अंतर पडले, व ते अंतर आवडीच्या बदलामुळे पडले की पैसा, अंतर, लिंग व जात यांच्यामुळे, याचा माग किनाऱ्यावरील एकेका शाळेपुरता जरी काढला गेला, तरी चाचणीची उपयुक्तता आजवरच्या कोणत्याही चर्चेपेक्षा अधिक निश्चितपणे सांगता येईल. तोवर ९८.८२ टक्के हा आकडा परीक्षेच्या यशाचा म्हणून स्वीकारावा. मुलांना निवडीचे स्वातंत्र्य लाभले आहे, याचा पुरावा म्हणून नव्हे.