वर्गणीचं अंडं

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी असा हिशोब आहे. खिचडीनं पोट भरतं, पण भर भाताचाच राहतो. म्हणून 2023 मध्ये महाराष्ट्रात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, सुरू झालं तेव्हा आम्हाला बरं वाटलं. जानेवारी 2025 मध्ये अंड्याचा निधी बंद झाला. द्यायचं तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं गेलं. आमचा आक्षेप इथे आहे. ज्या पाड्यावर अंड्याची गरज जास्त, तिथेच वर्गणी काढायची ऐपत कमी. तांदूळ हक्कानं येतो ना? मग अंडंही तसंच यायला हवं.