दगडी शहरातला मुलगा

अल्बानियातल्या जिरोकास्तरचे चढ चढताना धाप लागली, आणि इस्माईल कादारेची ‘क्रॉनिकल इन स्टोन’ (१९७१) नव्याने कळली. दुसऱ्या महायुद्धात शहराचा ताबा इटालियन, ग्रीक, जर्मन असा बदलत राहतो. निवेदक मुलगा मात्र घरातल्या पाण्याच्या टाक्याशी बोलतो. मी याला निरागसपणा समजायचो. पण हुकूमशहा एन्व्हर होजाही इथलाच, आणि कादंबरी त्याच्याच राजवटीत छापलेली. मोठ्या माणसाला जे बोलणं महागात पडलं असतं, ते मुलाच्या तोंडी खपून जातं. त्याची किंमतही दिसते: मोठ्यांचं राजकारण धूसर राहतं. तरी युनेस्कोच्या यादीतली (२००५) ही दगडी छपरं बघायला जाणार असाल, तर आधी हे पुस्तक वाचा. मी उलटं केलं असतं, तर फक्त फोटो काढून परतलो असतो.