संतापाला साथ देणारे गळे

लॉस एंजेलिसच्या ‘बॅड रिलिजन’ या पंक बँडचा ‘सफर’ (सोसणं या अर्थी) हा अल्बम १९८८च्या सप्टेंबरात आला. १५ गाणी, आणि सगळी मिळून जेमतेम २६ मिनिटं. मेलोडिक हार्डकोरचा, म्हणजे सुरेल पण भरधाव पंकचा, कुठलाही नवा अल्बम आला की माझ्याकडे त्याची मोजपट्टी हीच असते. इथला सुरेलपणा संतापाची धार कमी करत नाही. तो संतापाला एकट्याचा राहू देत नाही.

गाणं चालतं कसं ते बघा. बास ड्रम आणि स्नेअर आलटूनपालटून पडतात, लय भरधाव, गिटारला उसंत नाही. एवढ्या गदारोळात दुसरा कुणी घसा फोडून ओरडला असता. बँडचा गायक ग्रेग ग्राफिन मात्र गातो. शब्द स्वच्छ, ओळ नेमकी सुरावर ठेवलेली. धृपद आलं की मागचे गळे लांब ‘आऽऽ’ धरतात. खाली ठोके पळत असतात आणि वर हा स्वर स्थिर. अल्बमचा सगळा रस या ताणात आहे.

आंदर मावळात सप्ताहाचं भजन ऐकत वाढलेल्या कानाला हे परकं वाटत नाही. टाकवे, वडेश्वर, खांडी, कुठलंही गाव घ्या: चाल म्हणणारा एक, टाळकरी ती उचलतात, पखवाज द्रुतात चढतो आणि एकाचं आर्त मांडवभर होतं. फक्त टाळकरी त्याच्याच सुरात मिसळतात, तर बॅड रिलिजनचे साथीदार वेगळे सूर धरून सोबत उभे राहतात.

शब्दांतही तीच शिस्त आहे. ‘यू आर द गव्हर्नमेंट’ हे पहिलंच गाणं सरकारला शिव्या घालून मोकळं होत नाही. ऐकणाऱ्यालाच वाटेकरी ठरवतं. ‘हाऊ मच इज इनफ’ हे उपभोगाबद्दलचं गाणं मला सगळ्यात जवळचं. आमच्या मावळातल्या आंध्रा नदीचं पाणी ठोकळवाडी धरणात अडवून, बोगद्यातून घाटाखाली भिवपुरीला नेऊन १९२२ पासून मुंबईसाठी वीज होते. आता डोंगरउतारांवर फार्महाऊसचे प्लॉट पडताहेत. किती झालं म्हणजे पुरे, हा प्रश्न इथे गाण्याबाहेरही उभा आहे.

‘पार्ट फोर (द इंडेक्स फॉसिल)’मध्ये नजर आणखी लांब जाते. ज्या जीवाश्मावरून खडकाचं वय ठरवतात, त्या जागी माणूसच कल्पिलेला. ग्राफिनने पुढे २००३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून प्राणिशास्त्रात पीएच.डी. केली, अभ्यासकाची ती सवय या ओळींत आधीच दिसते.

१९८३च्या ‘इन्टू द अननोन’मध्ये याच बँडने कीबोर्डचा थाट मांडला, श्रोत्यांनी तो नाकारला आणि बँड विस्कटला. ‘सफर’मधला काटेकोरपणा त्या पडझडीनंतरचा आहे. उत्तरार्धात दोन-तीन चाली एकमेकींसारख्या वाटतात, हे खरं. पण ‘डू व्हॉट यू वॉन्ट’ लागलं की ती तक्रार उरत नाही. मिनिटभराचं गाणं, त्यात अंतरे, धृपद, सगळं जागच्या जागी. काढून टाकावा असा एकही ठोका मला सापडलेला नाही.